ॲटलसची चुंबळ

गोष्ट एका नावाची आहे. नावावर काय एवढं लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावानं धड नावानं हाक मारली नाही, त्यांनी नावावर लिहायचं नाही, तर मग कुणी लिहायचं?

माझा भाचा अमेरिकेत असतो. कॉम्प्युटरचं काम करतो. सुनेला दिवस गेलेत. मुलगा आहे असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय; तिकडे ते सांगायला बंदी नाही. एका रविवारी त्याचा फोन आला. हवापाणी झालं, तब्येती झाल्या, आणि म्हणाला, ‘‘मामा, नाव ठरवतोय. ॲटलस. कसं वाटतं, सांगा.’’

बहीण माझ्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, ‘‘अरे, ती तर सायकल!’’

आम्ही तिघंही हसलो. तिचंही खरंच होतं. आमच्या पिढीला ॲटलस म्हणजे सायकल. नाहीतर शाळेतलं नकाशांचं पुस्तक, तेही अख्ख्या वर्गात एक, गुरुजींच्या टेबलावर. आपण लांबून बघायचं. मग भाचा समजावून सांगू लागला, की तो ग्रीक पुराणातला आहे, खांद्यावर आभाळ पेलणारा, ताकदीचा. बहिणीचं हसू मावळलं. म्हणाली, ‘‘म्हणजे हमालच की रे! तुझ्या आज्यानं वाहिलं तेवढं बास नाही का? लेकराच्या नावातच ओझं कशाला घालतोस?’’

फोन बंद झाला. प्रश्न काही बंद होईना. माझ्या मते दोघंही खरं बोलत होते. पोराला नावात ताकद दिसली. आईला ओझं दिसलं. एकाच शब्दात दोन्ही कसं असतं? ओझं वाहणं हा मोठेपणा आहे की शिक्षा? हा प्रश्न ग्रीकांचा असेल, पण आपल्याला तो परका नाही. म्हणून लिहायला बसलो.

०००

आधी गोष्ट नीट बघू. आपल्याकडे प्रॉमिथिअस सगळ्यांना ठाऊक. देवांकडची आग चोरून माणसाला देणारा, आणि त्यापायी खडकाला जखडला गेलेला. कार्ल मार्क्सनं १८४१ सालच्या आपल्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत त्याला मोठा मान दिला. भाषणात त्याचं नाव घेतलं की टाळी मिळते. ॲटलस हा त्याच प्रॉमिथिअसचा सख्खा भाऊ. भाषणात त्याचं नाव कुणी घेत नाही.

हेसिअड नावाच्या जुन्या ग्रीक कवीनं देवांची वंशावळ लिहिली आहे. तीत हे कुटुंब येतं. बाप इआपेटस, आई क्लायमिनी, आणि चार मुलगे. हे टायटन, म्हणजे जुन्या पिढीचे देव. झ्यूसच्या नव्या पिढीशी त्यांची लढाई झाली आणि टायटन हरले. जिंकलेल्यांनी वाटण्या केल्या. एका भावावर वीज टाकली. एकाला जखडलं. आणि ॲटलसला पृथ्वीच्या टोकाला नेऊन उभं केलं नि सांगितलं, डोकं आणि हात लावून आभाळ धर. किती दिवस, ते सांगितलं नाही.

इथं एक चूक सुधारून घेतली पाहिजे. चित्रांत, पुतळ्यांत गोळा दिसतो म्हणून लोक समजतात की त्याच्या खांद्यावर पृथ्वी आहे. तसं नाही. त्याच्यावर लादलंय ते आभाळ. पृथ्वीवर तर तो उभा आहे. इटलीत नेपल्सच्या संग्रहालयात त्याचा एक जुना संगमरवरी पुतळा आहे. त्याच्या खांद्यावरच्या गोळ्यावर नक्षत्रं कोरलेली आहेत. गुडघा वाकलेला, मान दबलेली. त्या पुतळ्यात मला देव दिसत नाही. बाजारातला माणूस दिसतो.

नावाचा अर्थ? बहुतेक अभ्यासक सांगतात, की वाहणं, सोसणं, तग धरणं अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून ते आलं. म्हणजे बहिणीनं न शिकता जो अर्थ लावला, तोच बरोबर. सोसणारा. वाहणारा.

०००

मग असं नाव आईबापांना का आवडतं? त्यांना वेड्यात काढून चालणार नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं सरकारी खातं दरवर्षी नव्या बाळांच्या नावांची यादी जाहीर करतं. एके काळी तिथं ॲटलस हे नाव क्वचित ऐकू यायचं. गेल्या दहा-बारा वर्षांत ते पहिल्या हजारांत शिरलं आणि वर चढत गेलं. २०१६ साली कोलीन हूव्हर या बाईंची ‘इट एन्ड्स विथ अस’ ही कादंबरी आली, खूप खपली. तिच्यात ॲटलस नावाचा तरुण आहे. लहानपणी बेघर, पुढं आपल्या पायावर उभा राहणारा, नायिकेला आधार देणारा. २०२४ साली तिच्यावर सिनेमाही निघाला. शिवाय नाव लहान. उच्चारायला सोपं. नकाशांच्या पुस्तकामुळं त्यात जगभर हिंडण्याचा वास आहे. पोरगं जग बघेल, असं आईबापांना वाटतं. आणि त्या गोळ्यामुळं ताकद. पोरगं कशानंही मोडणार नाही, असं वाटतं.

यात वाईट काय? काही नाही. परक्या मुलखात, परक्या कातडीत पोर वाढवताना बापाला वाटतंच, की ते मोडू नये. माझ्या भाच्याला तेच वाटलं. तो बेईमान झाला, गोऱ्यांचा झाला, असं मी म्हणणार नाही. आपल्या चळवळीत नावावरून माणसाचं माप काढायची घाई फार आहे. ती घाई मला करायची नाही.

पण माझ्या मनातून आमचा बा जाईना.

आमचा बा बाजारात हमाल होता. मुकादम त्याला नावानं कधी बोलवायचा नाही, बिल्ल्याच्या नंबरानं बोलवायचा. कुणाची पाटी डोक्यावर, कुणाची शंभर किलोची गोणी पाठीवर. डोक्यावर चुंबळ असायची. मायच्या फाटक्या लुगड्याचा धडपा पिळून, गोल वळून केलेली. रोज संध्याकाळी बा ती खुंटीला टांगायचा. आम्ही पोरं ती डोक्यावर ठेवून राजा-राजा खेळायचो. आम्हाला तो मुकुट वाटायचा. एकदा बानं ते बघितलं नि आमच्या डोक्यावरची चुंबळ हिसकावून घेतली. त्यानं आम्हाला मारलं नाही, पण त्या रात्री तो जेवला नाही.

म्हातारपणी त्याची मान वळेना, हाताला मुंग्या यायच्या. दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टर भला होता. फोटो उजेडाला धरून वरून मणके मोजू लागला. ‘‘हा पहिला. याच्यावर कवटी बसते. याला ॲटलस म्हणतात.’’ झीज खालच्या मणक्यांत होती. पण मला तो शब्द लागून राहिला. शरीरशास्त्रानं मानेच्या पहिल्या मणक्याला हेच नाव दिलंय, कारण तो डोक्याचा गोळा पेलतो. म्हणजे ॲटलस हे नाव कुणी पोराला ठेवो न ठेवो, प्रत्येकाच्या मानेत एक ॲटलस असतोच. फरक एवढाच, की कुणाच्या ॲटलसवर नुसतं स्वतःचं डोकं असतं, आणि कुणाच्या ॲटलसवर दुसऱ्यांची धान्याची कोठारं असतात.

भाच्याला हे ठाऊक नव्हतं. आज्याच्या मानेत जे होतं, तेच तो पोराला नाव म्हणून देत होता.

०००

आता मुद्द्यावर येतो. ओझं दोन रीतींनी लादता येतं. एक चाबकानं. दुसरं कौतुकानं. चाबकाचं ओझं माणूस संधी मिळताच फेकून देतो. कौतुकाचं ओझं तो स्वतःच सावरून धरतो, कारण ते पडलं तर त्याची इज्जत पडते.

झ्यूसनं पहिली रीत वापरली. पुढच्या कलावंतांनी दुसरी. ग्रीक-रोमन इमारतींत खांबाच्या जागी माणसं कोरायचे, छत डोक्यावर घेतलेली. त्यांना ॲटलसचंच नाव आहे. आपल्याकडं देवळांच्या खांबांवर तुळई पेलणारे कीचक बघा. पोट फुगलेलं, गाल ताणलेले. गाभाऱ्यात देव, आणि त्याचं छत धरायला हे. आणि हेही कबूल केलं पाहिजे, की गांधारातल्या कारागिरांनी हा ग्रीक ॲटलस उचलून बुद्धाच्या स्तूपांच्या चौथऱ्याखाली बसवला. तक्षशिलेजवळ जौलियनच्या विहारात असे भारवाहक सापडलेत. आपल्या वास्तूखाली आहे म्हणून त्याची मान कमी दुखत नाही.

आपल्या देशानं हे कौतुकाचं शास्त्र जेवढं पिकवलं, तेवढं ग्रीकांनाही जमलं नाही. इथं ओझं नुसतं डोक्यावर ठेवलं नाही, नावात घातलं. मनुस्मृतीचा दुसरा अध्याय काढून बघा. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं? निंद्य असावं. एवढ्यावर भागलं नाही. नावाच्या जोडपदात शूद्राच्या वाट्याला चाकरी यावी, असंही लिहून ठेवलंय. बारशालाच गुलामीची शिक्कामोर्तब. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं, तेव्हा नुसते कायदे जळले नाहीत. आपल्या पोरांची नावं मोकळी झाली.

मग कौतुकाची पाळी आली. मैला वाहणाऱ्याला सांगितलं गेलं, की तुझं काम पवित्र आहे, तू समाजाची आई आहेस. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं या पुस्तकात, या थोरवीचा समाचार घेतला. सफाईच्या कामाची महती गाऊन त्याच माणसाला त्याच कामात ठेवायचं, ही दया नव्हे, क्रूर थट्टा आहे, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. काम एवढं पवित्र असेल तर ते एकाच जातीच्या वाट्याला का? पुण्याची वाटणी सारखी का नाही? हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक झाला. तरी गटारात उतरून आपली माणसं मरतात. आणि मेल्यावर त्यांना ‘स्वच्छतावीर’ म्हणायला पुढारी येतात.

म्हणून बहिणीला धडकी भरली. तिला मनू ठाऊक नाही. पण लेकराच्या नावात ओझं घालायचं नाही, हे तिला रक्तानं ठाऊक आहे.

आणि गंमत बघा. ॲटलसचं कौतुक करणाऱ्यांत मालकही पुढं आहेत. १९५७ साली ॲन रँड या बाईंची ‘ॲटलस श्रग्ड’ ही जाडजूड कादंबरी निघाली. तिच्यात ॲटलस कोण? कारखानदार, शोधक, भांडवलवाले. जग त्यांच्या खांद्यावर आहे, आणि त्यांनी खांदे उडवले तर जग कोसळेल, असा तिचा सूर. अहो, गोणी ज्याच्या पाठीवर तो ॲटलस, की गोणी ज्याची तो? वाहणाऱ्याचं नावसुद्धा मालकानं काढून घेतलं. त्याच १९५७ साली बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या पश्चात इंग्रजीत प्रसिद्ध झाला. आपल्या तरुणांनी यांतलं कुठलं पुस्तक उशाला ठेवायचं, ते त्यांनीच ठरवावं.

०००

पण ॲटलसच्या गोष्टीत आणखी एक प्रसंग आहे. कौतुक करणारे तो हसण्यावारी नेतात. मला तो सगळ्यांत भयंकर वाटतो.

हेराक्लीज, रोमन लोक ज्याला हर्क्युलिस म्हणतात, तो सोन्याची सफरचंदं आणायला निघाला होता. ती ॲटलसच्या मुलखात. हेराक्लीज म्हणाला, तू जाऊन फळं आण, तोवर आभाळ मी धरतो. ॲटलसची मान पहिल्यांदाच मोकळी झाली. तो फळं घेऊन आला. आणि शहाणा झाला. म्हणाला, आता मी परत ओझं घेत नाही. फळं मीच पोचवतो, तू धर. हेराक्लीज म्हणाला, कबूल. फक्त क्षणभर धर. डोक्यावर चुंबळ ठेवतो.

ॲटलसनं फळं खाली ठेवली आणि आभाळ परत घेतलं. हेराक्लीजनं फळं उचलली आणि निघून गेला.

अपोलोडोरस या नावावर चालत आलेल्या ग्रीक कथासंग्रहात ही गोष्ट आहे. तिथं डोक्यावरच्या गादीचा, म्हणजे आपल्या चुंबळीचाच, उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या परक्या कथेत मला माझ्या बाची चुंबळ सापडली. पण खरा घाव पुढंच आहे. ही युक्ती हेराक्लीजला सुचवली कुणी? प्रॉमिथिअसनं. सख्ख्या भावानं. हेराक्लीजनं थोडं आधीच प्रॉमिथिअसच्या बेड्या तोडल्या होत्या. सुटलेल्या भावानं आपल्याला सोडवणाऱ्याचे उपकार फेडले, ते अजून ओझ्याखाली असलेल्या भावाच्या मानेवर.

दोस्तहो, इथं थांबा. ही गोष्ट ग्रीसमधली राहत नाही.

‘क्षणभर धर’ हे आपण किती वेळा ऐकलंय? आधी स्वराज्य येऊ द्या, जातीचं मग बघू. आधी वर्गलढा जिंकू, जात आपोआप जाईल. आधी पक्ष वाढू द्या. आधी निवडणूक होऊ द्या. प्रत्येक जण चुंबळ ठेवण्यापुरताच वेळ मागतो, आणि फळं घेऊन जातो.

आणि सुटलेला भाऊ कोण? तो मी आहे. मी शिकलो, नोकरीला लागलो, पेन्शनीत निघालो. माझा भाचा आहे. तुम्ही, हे वाचणारे, कॉलेजात गेलेले, उद्या कचेरीत बसाल, तुम्ही आहात. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची खंत बोलून दाखवली होती. शिकून-सवरून आपली माणसं समाजाकडं वळतील ही त्यांची आशा होती, आणि ती फसल्याचं दुःख त्या बोलण्यात होतं. प्रॉमिथिअस बंडखोर होता यात शंका नाही. पण बंडखोर सुटल्यावर काय करतो, त्यावरून त्याची परीक्षा. साहेबाला आपल्याच माणसांना कसं गप्प बसवायचं, याची युक्ती आपल्यातलाच कुणी सांगतो तेव्हा तो प्रॉमिथिअसच असतो. आगीची गोष्ट सांगून ही चुंबळीची गोष्ट झाकता येणार नाही.

०००

मग ॲटलसनं काय करायला हवं होतं? ओझं सोडून द्यायला हवं होतं. पण सगळे म्हणतील, आभाळ कोसळलं असतं ना!

या भीतीवरच सगळं उभं आहे. कुणीतरी धरलंच पाहिजे, नाहीतर सगळे मरतील. मग ते कुणीतरी म्हणजे तूच. गावगाड्यातही हेच सांगितलं होतं. महारानं मेलेलं ढोर ओढलं नाही तर गाव सडेल. त्यानं सांगावा नेला नाही, सरकारी कामगाराचं ओझं वाहिलं नाही, तर कारभार बंद पडेल. बाबासाहेबांनी महाडपासून सांगितलं, ही कामं सोडा. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं बिल मांडलं. वतनातल्या बिनमोल राबणुकीचा कायद्यानं निकाल लागायला १९५८ साल उजाडलं. मधल्या काळात माणसांनी बहिष्कार सोसले, मार खाल्ला, पण ओढणं सोडलं. आभाळ पडलं का? गाव चाललंच. २०१६ साली गुजरातेत उनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या तरुणांना बांधून मारलं. तेव्हा तिथल्या आपल्या माणसांनी सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं मेलेली जनावरं नेऊन टाकली. तुमची आई आहे ना, तुम्हीच उचला. आभाळ तेव्हाही पडलं नाही. फक्त कुणी धरलं होतं, ते सगळ्यांना दिसलं.

कारण आभाळाला वजन नसतं. ते झाकण नाही. ते कुणी धरायची गरजच नव्हती. हे आजचं विज्ञान सांगतं, पण त्या काळीही एका ग्रीकानं हे ओळखलं होतं. ॲरिस्टॉटलनं आकाशाविषयीच्या आपल्या ग्रंथात लिहिलंय, की आकाश टिकून राहायला ॲटलस लागतो ही जुनी कथा धरून बसायचं कारण नाही. केवढी मोठी गोष्ट! ओझंच नाही, तर ओझेकरी कशाला?

पण थांबा. हाच ॲरिस्टॉटल राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथात काय लिहितो? काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात. गुलाम म्हणजे जिवंत हत्यार. घर चालायचं तर तो लागतोच. आकाशाखालून त्यानं ॲटलसला काढलं आणि स्वतःच्या घराखाली उभं केलं.

यावर मी बरेच दिवस विचार केला. एवढा हुशार माणूस असं का करतो? कारण आकाश त्याच्या मालकीचं नव्हतं. घर होतं. ज्या ओझ्यावर आपलं पोट चालतं, ते ओझं अनावश्यक आहे हे कळायला बुद्धी पुरत नाही. आपले सुधारक आठवा. सगळ्या विश्वाची चिकित्सा करतील, पण आपल्या घरचं संडास कोण धुतो, हे विचारणार नाहीत. आणि आपणही आठवू. माझी माय सभेला कधी आली नाही, कारण आम्ही सभेत समतेवर बोलत होतो आणि आल्यागेल्याच्या भाकरी ती थापत होती. आमच्या घराचं आभाळ तिच्या डोक्यावर होतं. तिच्या लुगड्याची चुंबळ बाच्या डोक्यावर होती, पण तिच्या डोक्यावर चुंबळसुद्धा नव्हती.

संयुत्त निकायात भगवंतांचं ओझ्यावर एक सुत्त आहे. ओझं काय, वाहणारा कोण, ओझं उचलणं म्हणजे काय आणि खाली ठेवणं म्हणजे काय, असे चार भाग त्यात केलेत. तिथं ओझं म्हणजे पाच उपादानस्कंध, आणि ते उचलणं म्हणजे तृष्णा. बाजारातल्या गोणीचं नव्हे, हे मला कळतं. पण एक गोष्ट बघा. चांगलं कसं वाहावं, हा तिथं विषयच नाही. खाली कसं ठेवावं, हा विषय आहे. ॲटलसचं कौतुक करणारी दुनिया आणि आपला धम्म, यांत मला हाच फरक दिसतो.

०००

राहिलं नावाचं. ग्रीक नाव म्हणून माझा विरोध नाही. आपल्या वस्त्यांत गल्लीला एक मिलिंद आहे. मिलिंद कोण? मिनँडर, ग्रीक राजा. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, आपल्या कॉलेजला हेच नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन म्हटलं. म्हणजे आपण ग्रीक नावं केव्हाच ठेवतो. आणि ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात राजाचा आणि भिक्खू नागसेनाचा संवाद सुरू होतो तोच नावावरून. राजा विचारतो, तुमचं नाव काय? नागसेन म्हणतात, लोक मला नागसेन म्हणतात, पण ती हाक मारायची खूण आहे. नावाच्या आत कुणी बसलेला नाही. मग रथाचा दाखला येतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे.

म्हणजे नावात नशीब नसतं. ताकदीचं नाव दिलं म्हणून ताकद येत नाही, ओझ्याचं दिलं म्हणून ओझं येत नाही. अमेरिकेत गुलामांना सीझर, पॉम्पी, ज्युपिटर, व्हीनस अशी बडी नावं असत. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरी एक स्वयंपाकी गुलाम होता, त्याचं नावच हर्क्युलिस. नाव महाबलीचं आणि अंग मालकाच्या मालकीचं. १७९७ साली, वॉशिंग्टनच्या वाढदिवशी, तो पळून गेला. त्याला नावानं सोडवलं नाही. पायांनी सोडवलं. जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. त्याच अमेरिकेत आज माझ्या बाचा पणतू जन्माला येतोय. हा धागा लहान नाही.

भाच्याला मी परत फोन केला. बहीणही बसली होती. म्हटलं, नाव तुमचं, पोर तुमचं. मी नको म्हणणार नाही. पण ॲटलस ठेवलंस तर त्याला अर्धी गोष्ट सांगू नकोस. ‘तू आभाळ पेलणारा’ असं सांगून त्याची छाती फुगवू नकोस. ती शिक्षा होती हे सांग. कुणी दिली ते सांग. भावानं फसवलं ते सांग. आभाळाला वजन नव्हतं तेही सांग. आणि त्याचा पणजा कोण होता, त्याच्या मानेत कुठला मणका होता, ते सांग. शाळेत कुणी त्याला म्हणेल, तू तगडा आहेस, एवढं जरा धर. तेव्हा त्यानं विचारलं पाहिजे, कुणाचं आहे? आणि किती वेळ?

तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग भाचा म्हणाला, ‘‘मामा, आज्याची चुंबळ अजून आहे का?’’

चुंबळ नाही. बा गेला तेव्हा ती मायनं चुलीत घातली. माझी बहीण त्याला म्हणाली, ‘‘नाही राहिली बाबा. आणि नाही राहिली तेच बरं झालं.’’

नाव अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा आत्या कानात सांगेल. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते त्या पोरापेक्षा तुमच्यासाठी आहे. आपली चळवळ मजबूत खांदे घडवायला निघालेली नाही. मजबूत खांदे आपल्याकडं हजारो वर्षं होते. ‘क्षणभर धर’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणणारी जीभ आपल्याला घडवायची आहे. आणि सुटल्यावर मागं वळून भावाच्या मानेवरचं ओझं उतरवणारे हात.

जय भीम.